अण्णासाहेबांचा मोठा फोटो

नवीन जालन्यात स्टेशनकडून बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांकडे वळताना जो चौक लागतो, तिथं उभं राहून मान वर केलीत की अण्णासाहेब म्हस्के दिसणारच. प्रत्यक्ष नव्हे, फ्लेक्सवर. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, कुणाचा पुतण्या दहावीत कसाबसा सुटलेला असो, फ्लेक्सच्या अगदी तळाशी, दोरी ओवायची भोकं असतात तिथं, गोल चौकटीत अण्णा हात जोडून हजर. 'शुभेच्छुक'. सगळ्यात वर भाऊ, म्हणजे आमच्या प्रभागाचे नेते. मधोमध ज्याचा दिवस तो, गॉगल लावून आणि मोबाईल कानाला धरून. आणि खालच्या रांगेत अण्णांसारखी आम जनता.

मी अण्णांच्या गल्लीत राहतो. इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, म्हणजे ज्या तासाला शिकवलं तेवढ्या तासापुरता प्राध्यापक असतो. एरवी मोकळा, आणि मोकळ्या माणसाला चौकातलं जरा जास्तच दिसतं. फ्लेक्स ह्या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. सिग्नल दिसत नाही, झाड दिसत नाही, दवाखान्याची पाटी दिसत नाही, भाऊंचे दात मात्र दिसतात. तरी अण्णांच्या त्या गोल फोटोवर माझा राग कधी निघाला नाही. त्या माणसाची हौस इतकी उघडी होती की तिच्यावर रागावणं जमायचंच नाही.

एका बियाणे कंपनीच्या गोदामावर अण्णांनी उभी हयात काढली. कपाशीच्या थैल्या आत, कपाशीच्या थैल्या बाहेर. मूलबाळ नाही. घरात ते आणि सगुणाबाई. गोदामात आयुष्य गेल्यामुळे असेल, आपण कुणाला दिसतच नाही अशी एक भीती त्यांच्या मनात बसली होती. कुणाचा वाढदिवस जवळ आल्याचं कानावर पडलं की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फोटो देऊ का?" स्टेशन रोडला नागसेनचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्युटरात अण्णांचा हात जोडलेला फोटो, मागची भिंत काढून, कायमचा तयार असायचा. एकदा खालच्या रांगेत फार गर्दी झाली तेव्हा नागसेननं अण्णांचा चेहरा अर्धा कापला. एक डोळा आणि अर्धी मिशी. "उरलेला अर्धा लोकायला पाठ हाय," असं म्हणून अण्णा हसले, पण तो फ्लेक्स उतरेपर्यंत भाजीला दुसऱ्या रस्त्यानं जात राहिले.

त्यांची इच्छा एकच होती. एकदा तरी आपला फोटो मधोमध यावा, मोठा. पण फ्लेक्सचा एक नियम आहे. स्वतःचा फ्लेक्स स्वतः लावायचा नसतो, तो मित्रमंडळानं लावायचा असतो. आणि अण्णांचे मित्र पुष्कळ असले तरी मंडळ नव्हतं. साठावा वाढदिवस आला तेव्हा कुणीतरी लावेल असं त्यांना वाटत होतं. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळीच चौकात जाऊन चहाच्या टपरीवर बसले. चौकात फ्लेक्स होता. भाऊंच्या मेहुण्यानं नवी गाडी घेतली होती, तिच्या आगमनाचा. खालच्या रांगेत अण्णा हात जोडून गाडीला शुभेच्छा देत होते. दुपारी सगुणाबाई त्यांना जेवायला बोलवायला आल्या तेव्हा ते तिथंच बसलेले होते. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

अशा माणसाकडे आमच्या कॉलेजचा थ्रिलर गेला.

झालं असं, की स्नेहसंमेलनात ट्रेलर स्पर्धा ठेवायचं ठरलं आणि मी मोकळा असल्यामुळे मार्गदर्शक झालो. वरद नावाचा आमचा एक विद्यार्थी आहे. तो मार्चच्या उन्हातही काळी हुडी घालतो आणि स्वतःला डायरेक्टर म्हणवतो. तो म्हणाला, "सर, पिच्चर बनवायचा न्हाई. डायरेक्ट ट्रेलर."

"आणि पिक्चर?"

"पिच्चरला टाइम कोणाला हाय सर? लोकं ट्रेलरच बघून राह्यले आजकाल."

आमच्याकडे धड्याऐवजी गाईड वाचून पोरं पास होतात, तिथं ह्याचं काय चुकलं?

कथा मात्र खरंच वाईट नव्हती. ट्रेलरचं नाव 'खालची रांग'. गावात वाढदिवसाचा एक फ्लेक्स लागतो आणि त्याच्या खालच्या रांगेतले शुभेच्छुक एकेक करून मरू लागतात. एक खून झाला की फ्लेक्सवरच्या एका चेहऱ्याला कुणीतरी काळं फासतं. मी विचारलं, खुनी असं का करतो? वरद म्हणाला, ते ट्रेलरमध्ये नसतं सर. कॅमेरा प्रीती सांभाळणार होती. ती बोलते कमी, पण ऐकते सगळं. ती म्हणाली, "फ्लेक्स छापणाराच खुनी असंल सर. रोज तेच ते थोबाडं लावून लावून त्याचं डोकं फिरलं असंल." मला हे इतकं पटलं की मी लगेच मंजुरी दिली.

प्राचार्यांनीही मंजुरी दिली, फक्त एक अट घातली. ट्रेलरमधून सामाजिक संदेश गेला पाहिजे, शक्यतो पाणी बचतीचा. थ्रिलरमध्ये पाणी कुठून आणायचं ह्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की खुनी खून करून निघताना अंगणातला उघडा राहिलेला नळ बंद करतो. प्राचार्य खूश झाले.

बळी कुणाला करायचं हा प्रश्नच नव्हता. खालच्या रांगेतला माणूस म्हटलं की जालन्यात एकच चेहरा डोळ्यापुढं येतो. आम्ही अण्णांच्या घरी गेलो. सगुणाबाईंनी पोहे केले. अण्णांनी सगळी कथा नीट ऐकून घेतली आणि शंका काढली.

"ह्याच्यात माझा फोटो कुठं येनार?"

"आधी खालच्या रांगेत काका. मंग तुमचा मर्डर. मर्डर झाला की चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स."

"त्याच्यात खालीच का?"

"न्हाई काका. मेल्यावर पूर्ण फ्लेक्स तुमचाच. मधोमध. मोठा."

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. सगुणाबाई चहा गाळत होत्या. अण्णा हळूच म्हणाले, "मारा मंग. पन फ्लेक्सचं तिला सांगू नका. ती येत्या रविवारी शहागडला भावाकडं चाललीय, नातीच्या बारशाला. तवाच लावू." सगुणाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना सांगितलं की पोरांच्या सिनेमात आपल्याला पाहुण्याचं काम मिळालंय. "घरच्या कामाला बी या कधीतरी पाहुने म्हनून," असं म्हणून त्या गेल्या.

खुनाचं शूटिंग आधी उरकलं, अण्णांच्याच अंगणात, सगुणाबाई बाजारात गेल्या असताना. वरद स्वतःच खुनी होता, कारण हुडी त्याच्याकडेच होती. तो मागून येतो, सुरा उगारतो, अण्णा वळतात आणि कोसळतात, एवढंच करायचं होतं. अण्णा वळले. समोर कॅमेरा दिसला. लगेच हनुवटी वर गेली, चेहऱ्यावर मंद हसू आलं आणि दोन्ही हात जोडले गेले. वरदनं सुरा खाली केला.

"काका, खुनी माणसाला नमस्कार कामून करून राह्यले?" प्रीतीनं विचारलं.

"कॅमेरा समोर आला की आपोआप व्हतंय पोरी. मी करत न्हाई, हात करतेत."

पुन्हा घेतलं, पुन्हा नमस्कार. हातात पिशवी दिली तर पिशवीसकट नमस्कार. हात मागं बांधले तर मान अशी झुकली की जोडलेले हात नसूनही दिसले. जमिनीवर मरून पडल्यावर प्रीतीनं कॅमेरा जवळ नेला, तर मेलेल्या अण्णांनी पडल्या पडल्या हात जोडले. वर्षानुवर्षांची सवय ती, एका दुपारी कशी जाणार? शेवटी वरदनं त्यांना पाठमोरं मारलं आणि नळ बंद करून शूटिंग आटोपलं.

मग फ्लेक्स. ह्यासाठी अण्णा स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढून आले, जाकीट घालून. नागसेननं तो कॉम्प्युटरवर घेतला, सुरकुत्या पुसल्या, मिशी काळीभोर केली, मागं निळं आभाळ टाकलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. खाली मजकूर आला, 'आमचे मार्गदर्शक, आधारस्तंभ, हसतमुख व्यक्तिमत्त्व'. हा मजकूर नागसेनकडे सगळ्यांसाठी तयार असतो, नाव तेवढं बदलतं. अण्णा मात्र स्क्रीनसमोर उभं राहून तो पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांचे डोळे भरून आले. "सर," ते मला म्हणाले, "माझ्याबद्दल असं कोनी लिव्हलं न्हाई आजपोवतर." मी मजकुराचं काही सांगितलं नाही.

एवढ्यात नागसेननं सवयीनं विचारलं, "खाली कोन कोन घ्यायचं?"

"खाली कोनीच नको," वरद म्हणाला.

"खाली रांग न्हाई तं फ्लेक्स खरा वाटंन का?" नागसेनला हे धंद्याच्या दृष्टीनं पटेचना. आणि त्याच्या कॉम्प्युटरात सगळं गाव कापून ठेवलेलं होतंच. त्यानं वर कोपऱ्यात भाऊ बसवले, खाली 'शोकाकुल' म्हणून नेहमीची रांग बसवली. त्यात नेहमीप्रमाणं अण्णाही बसले होते, स्वतःच्याच दुःखात सहभागी. प्रीतीनं वेळेवर पाहिलं म्हणून ते निघाले. छापून आलेला फ्लेक्स चौकातल्या कुठल्याही खऱ्या फ्लेक्सइतकाच खरा होता. ह्या गावात ज्या गोष्टीवर भाऊंचा फोटो आहे ती खोटी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

रविवार उजाडला. सगुणाबाई आदल्या दिवशीच शहागडला गेल्या होत्या. बारशाला जायचं म्हणून अण्णांनी स्वतः त्यांना कासाराकडे नेऊन हिरव्या बांगड्या भरून आणल्या होत्या. मनात चोर असला की नवऱ्यांना अशी प्रेमं सुचतात. सकाळी चौकात वर्दळ व्हायच्या आत फ्लेक्स बांधला. प्रीतीनं खालून, बाजूनं, रिक्षातून असे सगळे शॉट घेतले. आता दोर सोडायचे, तर अण्णा आडवे आले.

"आत्ताच का काढता? तुम्हाला एमआयडीसीत जायचंय ना? जाऊन या. आल्यावर काढू. मी हाय न इथं राखन."

"काका, कोनी बघितलं तं..."

"बघू द्या की," अण्णा म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर, साठीला बसले होते त्याच बाकावर, फ्लेक्सकडे तोंड करून बसले. मला म्हणाले, "सर, खरं सांगा, कसा आलाय?" मी म्हणालो, छान आलाय अण्णा. तो खरंच छान आला होता.

एमआयडीसीत पाठलागाचं दृश्य होतं. रोलिंग मिलच्या भिंतीला धरून खुनी पळतो आणि इन्स्पेक्टर मोटरसायकलवरून त्याच्या मागं. इन्स्पेक्टरचं तोंड दिसणार नव्हतं, म्हणून हेल्मेट घालून ते काम मीच केलं. नेमकी पाळी सुटली. कामगार टेम्पोत बसायचे थांबले आणि रांगेनं उभं राहून कॅमेऱ्याकडे बघत हात हलवू लागले. वरद उन्हात हुडी घालून पळून पळून शेवटी भिंतीला टेकला. एका कामगारानं त्याच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं आणि आपुलकीनं विचारलं, "कोनाला मारलं रे बाबा?" हेही प्रीतीनं टिपलं आणि ट्रेलरमधला तोच तुकडा मला अजून आवडतो.

सावलीत बसून मी मोबाईल काढला आणि पाहिलं तर प्राचार्यांचं स्टेटस. चौकातल्या फ्लेक्सचा फोटो, खाली दोन जोडलेले हात आणि 'मन सुन्न झाले'. हे तेच प्राचार्य, ज्यांनी 'खालची रांग' ह्या नावाखाली सही केली होती. पुढं भाऊंचं स्टेटस. त्यांनी अण्णांचा फोटो आपल्या फोटोशेजारी, त्याच उंचीवर लावला होता. 'कट्टर कार्यकर्ता हरपला.' त्यापुढं शोकाकुल रांगेतले सगळे. कुणीतरी गाडीवरून जाताजाता फोटो काढला होता आणि तो गावभर फिरला होता. शोकाकुल रांगेतल्या काहींनी अण्णांना त्याच सकाळी टपरीवर चहा पिताना पाहिलंही होतं. पण खालच्या रांगेत त्यांचा स्वतःचा फोटो चांगला आल्यामुळे त्यांनीही स्टेटस काढलं नाही.

आम्ही सगळं गुंडाळून चौकात परत आलो. अण्णा टपरीवरच होते, मोबाईल डोळ्यांजवळ धरून.

"सर, बघितलं का? भाऊंनी मला वर घेतलं! वरच्या रांगेत!" त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मी संतापलो. "अण्णा, तुम्ही मेलात असं लोक समजून चाललेत."

"समजू द्या की जरा. कळलं की काढतेन लगेच. संध्याकाळपोवतर तरी राहू द्या." मग जरा थांबून म्हणाले, "पन सर, एक गंमत हाय. सकाळपासून एक फोन न्हाई आला."

"मेलेल्या माणसाला कोण फोन करणार अण्णा?"

"हे बी बराबर हाय. पन घरी? घरी तं कोनी यावं का न्हाई? मी मधून मधून जाऊन बघून येऊन राह्यलो. दाराशी कुत्रं न्हाई." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही.

इतक्यात प्रीतीनं विचारलं, "काका, काकूला सांगितलं का तुम्ही?"

अण्णा म्हणाले, "ती शहागडला हाय न. तिथं कशाला जातंय हे." आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की व्हॉट्सअॅपला शहागड काही लांब नाही. घाईघाईनं त्यांनी सगुणाबाईंना फोन लावला. बंद. मेहुण्याला लावला. उचलेना. पुन्हा बंद. मग मी फोन त्यांच्या हातातून घेऊन लावत राहिलो.

शहागडला काय झालं ते मला नंतर सगुणाबाईंनीच सांगितलं. पाळण्याची गाणी चालू असताना त्यांचे भाऊ श्रीपती आत आले आणि म्हणाले, "दाजींची तब्येत जरा जास्त हाय. चल." आमच्याकडे गेलेल्याची बातमी कुणी सरळ सांगत नाही. 'जरा जास्त आहे' एवढंच म्हणायचं, माणसाला गाडीत बसवायचं आणि त्याचा मोबाईल काढून घ्यायचा. सगुणाबाईंनी हे वाक्य जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं होतं. ते ऐकल्याबरोबर काय ते त्यांना कळलं. काय जास्त आहे असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. श्रीपतींनी आपलाही फोन आवाज बंद करून खिशात टाकला, दाजींच्या फोनवरून आता शेजारपाजारचे कुणीतरी रडत बोलतील आणि ते बहिणीला ऐकू जाईल म्हणून.

त्यांची जीप चौकात आली आणि फ्लेक्ससमोर थांबली. आधी श्रीपती उतरले आणि फ्लेक्सकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग सगुणाबाई उतरल्या. त्यांनी वर पाहिलं. निळ्या आभाळात, जाकिटात, काळ्याभोर मिशीत हसणारे अण्णा. त्या रडल्या नाहीत. एका हातानं जीपचं दार धरून नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "वहिनी!" त्यांनी मान वळवली आणि त्यांना बाकावरचे अण्णा दिसले.

श्रीपतींच्या हातातली टोपी खाली पडली. सगुणाबाई रस्ता ओलांडून आल्या. एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या अण्णांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि तेव्हा मला दिसलं की त्यांची मनगटं उघडी आहेत.

पदराच्या टोकाला गाठ होती. ती त्यांनी सोडली. आत हिरव्या बांगड्या. अंबड मागं पडल्यावर त्यांनी जीपमध्ये एकेक करून आपल्याच हातानं काढल्या होत्या. घरी गेल्यावर बाया धरून फोडणार, त्यापेक्षा साबूत काढाव्यात, ह्यांनी भरलेल्या आहेत, असा त्यांचा हिशोब. ही रीत वाईट आहे, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती बंद करायचे ठराव झाले आहेत, तेही मला माहीत आहे. त्यातल्या एका ठरावाबद्दल भाऊंच्या अभिनंदनाचा फ्लेक्स ह्याच चौकात लागला होता. खालच्या रांगेत अण्णा होते.

"सगुणा," अण्णा उठायचा प्रयत्न करत म्हणाले, "पोरांचं ते सिनेमाचं... मी म्हनलं नुसता फोटो..."

"बोलू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी बांगड्या अण्णांच्या मांडीवर ठेवल्या आणि बाकावर शेजारी बसून हात पुढं केला. "भरा."

"इथं?"

"इथंच. जिथं मेले तिथंच भरा."

चौक थांबला होता. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. अण्णांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि पहिली बांगडी बोटांवरून सरकवायला लागले. ती अंगठ्याच्या पेराशी अडली. अण्णांना रडू फुटलं. लहान मुलासारखे हुंदके देत ते बांगडी ढकलत होते आणि बांगडी मधोमध कडकन वाढली. ते थबकले. "वाढली तं वाढू द्या," सगुणाबाई म्हणाल्या, "दुसरी घ्या." आता त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. दुसरी गेली. तिसरी गेली.

प्रीती समोर कॅमेरा घेऊन उभी होती आणि कॅमेरा चालू होता. अण्णांच्या अगदी तोंडासमोर. अण्णांनी तिकडे पाहिलं नाही. हनुवटी वर गेली नाही, हात जोडले गेले नाहीत. त्यांच्या हातांना काम होतं. भरून झाल्यावर सगुणाबाईंनी हात हलवून बांगड्या वाजवून पाहिल्या आणि नाक पुसून म्हणाल्या, "चला घरी. सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?"

वरद माझ्या कानाशी कुजबुजला, "सर, काय एक्स्प्रेशन हाय! ट्रेलरचा एंड हाच!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हुडीची टोपी डोक्यावर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी प्रीतीनं घरी जाऊन सगुणाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते काही दाखवायचं नसतंय, बाई." प्रीतीनं त्यांच्यासमोरच ते पुसून टाकलं. 'खालची रांग'ला बक्षीस मिळालं, पाणी बचतीच्या प्रभावी संदेशाबद्दल. भाऊंच्या माणसाचा मला फोन आला होता, चांगला दमदाटीचा. अण्णा जिवंत निघाल्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फ्लेक्सवर भाऊंचा फोटो कोपऱ्यात का टाकला, असं विचारत होते. स्टेटसं मात्र त्या रविवारी संध्याकाळच्या आत निघाली आणि त्यांच्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

फ्लेक्स अण्णांच्या घरी गेला. आमच्याकडे फ्लेक्स कुणी टाकून देत नाही, तो कूलरवर जातो नाहीतर गोठ्यावर. परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर छतासारखा तो सावलीला बांधलेला. बाहेरून बघणाऱ्याला नुसती पांढरी पाठ दिसते. फोटो आतल्या बाजूला. वरचे भाऊ आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली', खालची सगळी शोकाकुल रांग, कात्रीनं सरळ कापून काढलेलं. राहिले होते ते फक्त अण्णा, मधोमध, मोठे.

"वहिनी, चांगली बाजू आत कशाला?" मी विचारलं.

सगुणाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. "बाहेर कोनाला दाखवायची? मेल्याचं कळून एक जन तरी दारात आलता का? बघायला मी हाय न."

अण्णा फोटोखाली चहा पीत बसले होते. वर बघता बघता विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. "पन बराबर आलाय ना गं?"

सगुणाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली, मान वर केली आणि चांगलं निरखून पाहिलं.

"मिशी जरा काळी केलीय त्या नागसेननं," त्या म्हणाल्या. "बाकी तुम्हीच."